स्वस्त आज्ञावली आणि तिची दुरुस्ती

मुशी नदीवरील नया पूल ओलांडून अफझलगंजात यावे आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत मागे टाकून बेगम बाजाराकडे वळावे, म्हणजे दुकानांची दाटी सुरू होते. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ धान्याच्या व्यापाऱ्यांची. तेथील जुन्या पेढ्यांवर एकेकाळी रोजकीर्द व खतावणी लाल कापडाच्या वह्यांत लिहिली जाई. आज बहुतेक गल्ल्यांशेजारी संगणक आहे आणि त्यात हिशेबाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे या भागात छोटे दुकान आहे. त्यांनी अगदी अल्प किमतीची एक आज्ञावली घेतली. महिन्याच्या अखेरीस पावत्यांची बेरीज आणि कराची नोंदवही यांत काही पैशांचा फरक पडू लागला. ते वैतागून मला म्हणाले, "गुरुजी, पैसे मोजून घेतलेली वस्तू चुकते कशी? आणि चुकली तर फुकट दुरुस्त करून द्यायला नको का?"

आधी चूक कोठे होती ते पाहू. १० रुपये ३० पैशांच्या वस्तूवर १८ टक्के कर १ रुपया ८५.४ पैसे होतो. पावती तो १.८५ असा धरी. अशा तीन ओळींचा कर झाला ५.५५. नोंदवही मात्र तिन्ही वस्तूंची एकत्र किंमत ३०.९० घेऊन त्यावर कर काढी. तो येतो ५.५६. दोन्ही रीती आपापल्या जागी समंजस आहेत, परंतु एकाच आज्ञावलीने दोन ठिकाणी दोन रीती वापराव्यात हा निश्चित दोष होय. असा दोष विक्रीच्या दिवशीच तिच्यात दडलेला असतो. तो काढून देणे हे विकणाऱ्याचे काम आहे, मग किंमत कितीही थोडी असो. शिलाई उसवलेला सदरा स्वस्त होता म्हणून शिंपी हात झटकू शकत नाही.

दुसरा प्रकार निराळा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जुने कर व त्यांचे तक्ते एका रात्रीत कालबाह्य झाले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी जाऊन ५ व १८ हे मुख्य दर राहिले. येथे आज्ञावलीत काहीच बिघडले नव्हते. तिच्या भोवतालचे जग बदलले. हे नवे काम होय आणि त्याचा मोबदला मागणे गैर नाही. टॅली ही प्रसिद्ध आज्ञावली ज्या कंपनीची, ती १९८६ साली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी बंगळुरात सुरू केली. तिचा कायमचा परवाना एकदा घेतला की तो आपला; परंतु पहिल्या वर्षानंतर नव्या आवृत्त्या हव्या असतील तर वार्षिक शुल्क भरावे लागते. पुष्कळांना हे खटकते. मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो, मात्र ही अट खरेदीच्या वेळीच ठळक सांगितलेली असावी.

स्वस्ताईचे गणितही विद्यार्थ्यांनी करून पाहावे. समजा, ५०० रुपयांची आज्ञावली २००० लोकांनी घेतली, म्हणजे १० लाख रुपये आले. प्रत्येकाने वर्षातून दोनदा दूरध्वनी केला, तर ४००० दूरध्वनी. पाव तास धरल्यास १००० तास. रोज आठ तासांप्रमाणे एका माणसाचे १२५ दिवस केवळ ऐकण्यात जातील. दुरुस्ती, आणि ती करताना दुसरे काही बिघडले नाही ना याची तपासणी, अजून निराळीच.

मग जी आज्ञावली फुकट असते तिच्याकडून काय अपेक्षावे? डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञाने पुस्तके जुळविण्यासाठी 'टेक' नावाची आज्ञावली रचून ती सर्वांस विनामूल्य दिली आणि वर, चूक दाखविणाऱ्यास तो स्वतःच २ डॉलर ५६ सेंट देऊ लागला! परंतु असे क्नूथ विरळा. ओपन-एस-एस-एल ही आज्ञावलीही विनामूल्य. असंख्य संकेतस्थळांची गुप्तता तिच्यावर विसंबून होती. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. सुमारे दोन वर्षे तो तेथे होता. जगभर चौकशी झाली तेव्हा कळले, की तिची देखरेख मोजकी माणसे करीत होती आणि देणग्या वर्षाला सुमारे २००० डॉलर येत होत्या. वापरणारे अब्जावधींची उलाढाल करीत होते, पण जपणाऱ्यांची आठवण कोणास नव्हती.

विद्यार्थ्याच्या वडिलांना मी एवढेच सुचविले, की "तुमची वस्तू बिघडली" असे न लिहिता काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे आकड्यांसह लिहा. मुलाने वरील तीन ओळींची पावती व नोंदवहीचा उतारा जोडून पत्र पाठविले. पुढल्या आवृत्तीत दोष गेला. पैसे पडले नाहीत. नंतर करांचे दर बदलले, तेव्हा नव्या तक्त्यासाठी शुल्काची मागणी आली. थोडे कुरकुरत त्यांनी ते भरले आणि पावती मागून घेतली. तिच्यावरील कराची बेरीज मुलाने पुन्हा एकदा करून पाहिली.