पैसे नाहीत, शेअर देतो: डेव्हलपरशी व्यवहार करण्याआधी हे वाचा

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलंय, "सर, ॲप बनवायला ३ लाख लागतात. पैसे नाहीत. डेव्हलपरला कंपनीत हिस्सा दिला तर चालेल का?"

चालेल. पण चार गोष्टी आधी पक्क्या करा.

१. शेअर द्यायला कंपनी लागते. प्रोप्रायटरशिपमध्ये शेअर नसतातच. भागीदारीत घेतलं तर धंद्याच्या कर्जाची जबाबदारीही त्याच्यावर येते. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा २०१३, कलम ५४ प्रमाणे स्वेट इक्विटी देता येते. पण ती संचालक किंवा कर्मचाऱ्यांनाच, विशेष ठराव करून. बाहेरच्या फ्रीलान्सरला शेअर द्यायचे तर मार्ग वेगळा. तिथे सीए किंवा सीएस हवाच.

२. टक्का अंदाजाने ठरवू नका. दोघांच्या मते आज कंपनीची किंमत ३० लाख असेल, तर ३ लाखांचं काम म्हणजे १० टक्के. "अर्धा हिस्सा तुझा" हे चहाच्या टपरीवर बोलायला सोपं, निस्तरायला महाग.

३. हिस्सा एकदम देऊ नका. डेव्हलपर सोबत राहणार असेल तर व्हेस्टिंग ठेवा. प्रचलित पद्धत: ४ वर्षं, त्यात पहिलं वर्ष क्लिफ. तो ८ महिन्यांत गेला तर हिस्सा शून्य. १८ महिन्यांनी गेला तर १० टक्क्यांचे १८/४८, म्हणजे ३.७५ टक्के. व्हेस्टिंग नसेल तर तो दोन महिन्यांत गेला तरी १० टक्के त्याचेच, आणि पुढे गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारतो.

४. कोड कोणाचा? हे लेखी घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क तुमच्याकडे यायचा तर सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांपुरताच मानला जातो.

आता डेव्हलपरच्या बाजूनेही बघा. शेअरवर घरभाडं भरता येत नाही. कंपनी बुडाली तर त्याची मेहनत फुकट. म्हणून थोडी रोख, थोडा हिस्सा हा मार्ग बहुतेक वेळा दोघांना झेपतो.

आजचा गृहपाठ: एका कागदावर लिहा. काम काय, किंमत किती, टक्का किती, तो मध्येच गेला तर काय. दोघांना मान्य झालं की मगच सीएकडे जा. मैत्री टिकवायची असेल तर कागद आधी, कोड नंतर.