गडाचा चढ आणि देहाचे ओझे

बीड जिल्ह्यातील नारायणगड तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. 'धाकटी पंढरी' म्हणून तो ओळखला जातो. चढावर पाहावे, तर कोणी झपाझप पुढे जातो, कोणी चार पावलांवर थांबून दम घेतो. थांबणारा गृहस्थ लठ्ठ असला की पोरे हसतात. हसण्यापूर्वी आपण एक गणित करू.

समजा, दोघे १०० मीटर उंची चढले. एकाचे वजन ६० किलोग्रॅम, दुसऱ्याचे १२०. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे कार्य. पहिल्याचे कार्य ६० × ९.८ × १०० = ५८,८०० ज्यूल; दुसऱ्याचे बरोबर दुप्पट. सडपातळ माणसाने ६० किलोचे पोते पाठीवर घेऊन चढावे तसेच हे झाले. मग त्या गृहस्थाला आळशी कसे म्हणावे?

याच गणितात आणखी एक गोष्ट दडली आहे. ५८,८०० ज्यूल म्हणजे सुमारे १४ किलोकॅलरी. स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कार्यात उतरवतात. म्हणून खर्च साधारण ५६ किलोकॅलरी धरा. तेवढी ऊर्जा १५ ग्रॅम गुळात असते! चालण्याने हृदय व स्नायू सुधारतात, पण नुसत्या चालण्याने मोठी स्थूलता का हटत नाही, ते यावरून कळेल.

स्थूलता मोजण्याची रीत बेल्जियमच्या केतले या शास्त्रज्ञाने १९व्या शतकात सुचविलेल्या सूत्रावर आधारली आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. प्रौढ माणसात हा निर्देशांक ४० किंवा अधिक आला, तर ती तीव्र स्थूलता. १.६ मीटर उंचीच्या माणसाचे वजन १०२.४ किलो असेल, तर निर्देशांक नेमका ४० येतो. (तुमच्या वयाला हे आकडे लावू नका, मुलांचे तक्ते निराळे असतात.)

मेद म्हणजे नुसता साठा नव्हे. मेदपेशी अनेक रसायने रक्तात सोडतात. पोटातील इंद्रियांभोवती आणि यकृतात मेद साचला की इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन स्रवते आणि तेही अपुरे पडले की मधुमेह होतो. रक्तदाब वाढतो, गुडघ्यांची कूर्चा झिजते. घशाभोवतीच्या मेदामुळे झोपेत श्वासमार्ग मिटतो. रात्रभर झोप मोडत राहते आणि माणूस दिवसा पेंगतो. त्यालाही आपण आळसच समजतो!

'कमी खा' हा सल्ला सोपा, पण शरीर तो मुकाट्याने ऐकत नाही. १९९४ मध्ये फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. मेदपेशी त्याच्याद्वारे मेंदूला साठ्याची खबर देतात. वजन घटले की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा काटकसरीने खर्चू लागते. म्हणूनच तीव्र स्थूलतेवर आहाराबरोबर औषधे, आणि काही रुग्णांत जठराची शस्त्रक्रिया करावी लागते.

आता पुण्याची एक मौजेची हकिकत. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. पण शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने दोघांचे छायाचित्रच छापले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही असेच आढळले होते: वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, तरीही अंगावरचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. काटा वजन सांगतो, त्यात मेद किती ते सांगत नाही.

यामुळेच जगात स्थूलतेची सीमा ३० असली, तरी भारतीय प्रौढांसाठी डॉक्टर ती २५ मानतात. घरी शिंप्याची फीत असेल, तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या पोटाचा घेर मोजून पाहा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे फीत गेली, तर माणूस दिसायला सडपातळ असला तरी रक्तातील साखर एकदा तपासून घ्यायला सांगा.