पथ्य देहाचे, जपणूक मनाची

मधुमेह व रक्तदाब ही दुखणी ज्वरासारखी येऊन जाणारी नव्हेत. एकदा आली की बहुधा जन्मभर सोबत करतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आणि ३१ कोटींहून अधिक लोकांस उच्च रक्तदाब आहे. देहाच्या पथ्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. रोग्याच्या मनाचा विचार मात्र क्वचितच करतो.

एक प्रसंग सांगतो. आरतीनंतर आम्ही पेढे वाटीत होतो. एका वृद्ध गृहस्थांनी हात पुढे करताच त्यांची सून सर्वांदेखत म्हणाली, "मामंजी, साखर किती वाढली आहे, ठाऊक आहे ना?" आम्हीही हसून पेढा तबकात परत ठेवला. त्यानंतर दोन महिने ते देवळात फिरकले नाहीत. सुनेच्या मनात काळजीच होती. पण सासऱ्यांना जाणवला तो अपमान.

रोजच्या गोळ्या, सुया, मोजमाप, खाण्यावरील बंधने आणि पुढे डोळे वा मूत्रपिंडे बिघडतील ही भीती यांनी मधुमेही मनुष्य आतून शिणतो. या मनस्तापास वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव दिले असून तो मापण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. तेव्हा यास मनाचा दुबळेपणा समजू नये. चिंतेने शरीरात ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात आणि त्यायोगे साखर व रक्तदाब चढू शकतो. शिवाय खचलेला मनुष्य गोळ्या चुकवितो, चोरून खातो, आकडे लपवितो. अर्थात टोचून बोलल्याने पथ्य साधत नाही, उलट मोडते.

मग कुटुंबीयांनी काय करावे? "साखर का वाढली?" याऐवजी "आज कसे वाटते?" असे विचारावे. रोग्याचे ताट वेगळे न मांडता सर्व घरानेच मीठ-साखर कमी करावी. तपासणीस सोबत जावे. उदासी वा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

पुढे आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आता आरतीनंतर पेढ्यांशेजारी ओल्या खोबऱ्याचे तबकही असते. ते पुन्हा येऊ लागले आहेत. कोणत्या तबकाकडे हात न्यावा, हे त्यांचे तेच ठरवितात.