गिटार गुणगुणते का?

देवळाली प्रवरा येथील गणेशोत्सव असो की मुंबईतील वाद्यवृंद, स्टील गिटारीच्या तारा छेडण्याआधीच कधी कधी कर्ण्यातून 'हूंऽऽ' ऐकू येते. ते कोठून येते?

गिटारीवरील आवाजाचे बटण शून्यावर आणा. गुणगुण तशीच राहिली, तर दोष ॲम्प्लिफायरकडे. बहुधा त्याच्या वीजपुरवठ्यातील जुन्या कपॅसिटरमध्ये. ती थांबली, तर बटण पुन्हा वाढवून गिटार हळूहळू फिरवा. एखाद्या दिशेला आवाज मंदावला, म्हणजे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करीत आहे. फॅराडेचाच नियम! अशा वेळी गिटार दूर न्यावी. १९५५ मध्ये अमेरिकेत सेथ लव्हर यांनी उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. त्यात ही गुणगुण परस्पर रद्द होते.

अर्थिंगची तार काढूनही कधी आवाज थांबतो. तसे मुळीच करू नका. बिघाड झाल्यास वादकाच्या बोटांखालील पोलादी तारांतच वीज उतरेल.