घड्याळ भिंतीवर राहू दे

तायडे, काल पाचवी पुजली आणि आज बघते तर तू दुधाच्या वेळा वहीत मांडतेयस. मांड बाई, पण बाळाला वही वाचता येत नाही. मूठ तोंडाकडं गेली, ओठ चाटायला लागलं की घे पदराखाली. रडायची वाट बघायची नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा होतंच. सलग तीन तास झोपलं तर तळपाय चोळून उठव, पण हे वजन भरून येईपर्यंतच. आणि मोजायचंच असेल तर आजपासून ओले लंगोट मोज. दिवसाला सहा झाले की दूध पुरतंय.

माझ्या थोरल्याच्या वेळी पहिला चीक मी पिळून टाकला होता. जाड, पिवळा, बाधेल म्हणाल्या सासूबाई. वर मधाचं बोट चाटवलं. पोर निभावलं, पण त्यात मधाचा काही हात नव्हता.

आता मोडनिंबचा मे. पत्रा तापला की दुपारी घराची भट्टी होते. येणारी-जाणारी म्हणेल, घसा सुकला असेल, चमचाभर पाणी द्या. हसून चहा पाज तिला, बाळाला पाणी नाही. अंगावरच्या दुधात शंभरातले 87 भाग पाणीच असतं. सहा महिने तेवढंच, गुटीसुद्धा नको. तांब्या तुझ्या उशाशी ठेवलाय, तो तू रिकामा कर.

अंघोळ सकाळी, ऊन चढायच्या आत. नाळ गळेपर्यंत नुसतं कोमट फडक्यानं पुसायचं. नाळेला हळद नाही, तेल नाही, राख नाही, लंगोटही तिच्या खालीच बांधायचा. गळाली की मग मी पाय पसरून बसते आणि नडग्यांवर घेऊन न्हाऊ घालायला शिकवते. पाणी बघायचं ते कोपर बुडवून. माझ्या तळहाताचं ऐकू नको, भाकरी थापून थापून तो निबर झालाय, कढत पाणीही त्याला कोमट वाटतं. तेल हलक्या हातानं, नाकाकानात थेंबही नाही. छाती पिळायची नाही. ओवा-बाळंतशोपाची धुरीही आता बंद, त्या धुरानं लेकराचीच छाती भरते. काजळ डोळ्यांत नको. गालाला तीट मात्र मी लावणार, तेवढं मला करू दे.

खणाची कुंची मी हौसेनं शिवलीय, तरी या उन्हात ती बारशाला घटकाभरच. मानेमागं हात घालून बघ, घाम लागला तर कापड जास्त झालं.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची देखभाल शिकवली, घरोघर पाठवलं, आणि दगावणारी बाळं वाचली. त्याच वाटेनं 2011पासून हे काम देशभर आशांकडं आलं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ती काटा दाखवेल तेव्हा घाबरू नको. पण बाळ दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, शांत असताना श्वास मिनिटाला साठाच्या पुढं गेला, तळपाय पिवळे दिसले, तर मला विचारत बसायचं नाही. आधी 108 लाव.

उद्या सातवा दिवस. दाराशी बादली आणि साबण ठेवलाय. ताईच्या मागनं गल्लीतल्या चार जणी शिरतील, त्यांना आधी तिकडं वळव. मी सांगितलं तर राग येतो त्यांना, तू बाळंतीण आहेस, तुझं ऐकतील.