पंपाचं बटण कुणी दाबायचं?

प्रश्न : आईच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं आहे. नंतर दुखू लागलं की बटण दाबून औषध घेता येईल असा पंप लावणार आहेत. त्यात मॉर्फिन असतं म्हणे. आईला सवय लागेल का? ती झोपलेली असताना आम्ही बटण दाबलं तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : बटण फक्त आईंनीच दाबायचं.

या पंपाला ‘पीसीए’ म्हणतात. मात्रा भूलतज्ज्ञ ठरवून देतात. मॉर्फिन असेल, तर साधारणपणे एका वेळी १ मिलिग्रॅम शिरेत जातं आणि पुढची ५ ते १० मिनिटं कितीही दाबलं तरी पंप औषध सोडत नाही. याहून मोठी राखण रुग्णाच्या गुंगीची असते. औषध जास्त होऊ लागलं की डोळे मिटतात, बटण दाबलं जात नाही आणि पुढची मात्रा आपोआप टळते. नातेवाइकांनी मायेपोटी बटण दाबलं, तर ही राखणच उठते आणि श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो.

आईंनी मात्र दुखणं अंगावर काढू नये. कूस बदलण्याच्या किंवा व्यायामाच्या थोडा वेळ आधी बटण दाबावं. दुखतं म्हणून खोल श्वास, खोकणं आणि चालणं टाळलं, तर छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

सवयीबद्दल : सांगितल्याप्रमाणे मोजके दिवस घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. पूर्वी दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन असेल, तर ती वाढते. ते, झोपेच्या गोळ्या आणि झोपेत घोरताना श्वास अडकणं, हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. मळमळ, खाज, बद्धकोष्ठता झाल्यास सिस्टरला सांगा. त्यावर औषधं आहेत. हाक मारूनही नीट जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ वाटला, तर ताबडतोब बोलवा. नॅलॉक्सोन हा उतारा रुग्णालयात असतो.

घरी जाताना ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी मिळाली, तर वेगळं पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच द्या. २०१८पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांच्या कंबरदुखीसाठी देऊ नका, पुढच्या दुखण्यासाठी राखूनही ठेवू नका. आठवड्यानंतरही त्यांच्यावाचून भागत नसेल, तर गोळ्या वाढवण्याऐवजी सर्जनना दाखवा.