चुळबुळ करू द्या

पालकहो, मूल दहावी-बारावीला गेलं की घरात "नीट बस!" हा गजर सुरू होतो. मूल क्षणभर ताठ होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा वहीवर ओणवं. आपल्याला तो आळस वाटतो. पण ओरडण्याआधी जरा टेबलाखाली डोकावून बघा. पाय लोंबकळत असतील, तर दोष मुलाचा नाही, मापाचा आहे.

जेवणाचं टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं. ते मोठ्यांच्या मापाचं. ठेंगण्या मुलाला त्यावर लिहिताना खांदे उचलून धरावे लागतात. खांदे थकले की मान पुढे येते, आणि झुकलेल्या डोक्याचा भार मानेला सोसावा लागतो. नवं फर्निचर नको. खुर्चीवर सतरंजीची घट्ट घडी ठेवा, म्हणजे कोपरं टेबलाच्या उंचीला येतील. पाय टेकायला खाली पाट द्या. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल पुरतो. वाचायचं पुस्तक तिरकं टेकवून ठेवा. पेढीवरचे मुनीमजी उतरतं डेस्क वापरत, ते उगाच नव्हे. मूल उजव्या हातानं लिहीत असेल, तर दिवा डावीकडे हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही.

एवढं करूनही तीन तास एका जागी बसणं वाईटच. मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शरीर हललं, दाब कमी-जास्त झाला, की त्यांना आजूबाजूनं पोषण मिळायला मदत होते. म्हणजे मुलाची चुळबुळ ही शरीराची मागणी असते. डोळ्यांचंही तसंच. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, निदान 20 फूट लांब, खिडकीबाहेर बघू द्या.

तेव्हा "पुन्हा उठलास पाणी प्यायला?" हे विचारणं सोडू या. अर्ध्या-पाऊण तासानं त्यानं उठायलाच हवं. व्याख्या, सनावळ्या, कविता फेऱ्या मारत पाठ होतात. मात्र हाताला मुंग्या येणं, डोकं किंवा पाठ सतत दुखणं ही अभ्यास टाळायची सबब समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि संध्याकाळी "किती तास बसलास?" असं न विचारता "आज काय समजलं?" असं विचारा. उत्तर खोलीत येरझारा घालत आलं, तरी ऐकून घ्या.